सिकंदरसाहेबाचे चर्च

दिल्लीच्या काश्मिरी दरवाज्यापासून हाकेच्या अंतरावर मोठ्या घुमटाचे एक चर्च उभे आहे. त्याचे नाव सेंट जेम्स चर्च. 1857 च्या इतिहासात त्याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो, पण बहुतेक वेळा खुणेपुरताच. चर्चजवळ अमका अधिकारी मारला गेला, चर्चपाशी तमकी तुकडी थांबली, की वर्णन पुढे निघून जाते. ते बांधले कुणी, कशासाठी बांधले, हे विचारायला कुणी थांबत नाही. ज्याने ते स्वतःच्या पैशाने बांधले, त्याने आयुष्यातली पहिली तलवार उपसली ती शिंद्यांच्या चाकरीत. महाराष्ट्रातही ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नाही.

जेम्स स्किनर 1778 मध्ये जन्मला. बाप हर्क्युलिस स्किनर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला स्कॉटिश अधिकारी, आई राजपूत जमीनदाराची मुलगी. मुलींना शाळेत पाठवायचे बापाने ठरवले तेव्हा पडदा मोडतो, कुळाची अब्रू जाते, या दुःखाने आईने जीव दिला. जेम्स त्या वेळी जेमतेम बारा वर्षांचा होता. पुढे त्याला कलकत्त्यात एका छापखान्यात उमेदवारीला ठेवले. तिथून तो काही दिवसांतच पळाला. बापासारखे शिपाई व्हावे तर कंपनीचा दरवाजा बंद झालेला. हिंदुस्थानी आईच्या पोटी जन्मलेल्यांना कंपनीच्या नोकरीत घ्यायचे नाही, असा हुकूम 1791 मध्येच निघाला होता. म्हणजे ज्या फौजेत बाप अधिकारी, तिथे मुलाला आईच्या रक्तामुळे जागा नव्हती.

जागा मिळाली ती मराठ्यांकडे. महादजी शिंदे यांनी डी बॉयन या फिरंगी सेनानीला हाताशी धरून उत्तरेत कवायती पलटणी उभ्या केल्या होत्या. मराठी कागदपत्रांत त्यांना ‘कंपू’ म्हणतात. महादजींचे 1794 मध्ये पुण्याजवळ वानवडीला निधन झाले, पण कंपू टिकले आणि दौलतराव शिंद्यांच्या नावाने दिल्ली-आग्र्याचा मुलूख सांभाळत राहिले. दिल्लीचा बादशहा त्या काळात शिंद्यांच्या छत्राखाली होता. अशा वेळी स्किनर डी बॉयनपुढे उभा राहिला आणि त्याला पलटणीतली पहिली नोकरी मिळाली. आईची जात आणि बापाचा देश तिथे कुणी विचारला नाही. सवार-शिपायांच्या तोंडी ‘स्किनर’ बसेना, म्हणून त्यांनी त्याचे ‘सिकंदर’ केले. तो मरेपर्यंत सिकंदरसाहेबच राहिला.

चर्चची गोष्ट 1800 च्या एका लढाईपासून सुरू होते. करौलीच्या राजाने उनियाऱ्याच्या राजाविरुद्ध शिंद्यांच्या फौजेची मदत भाड्याने घेतली होती आणि त्या पलटणीवर स्किनर होता. भाड्याने घेणाऱ्यांनी ऐन वेळी साथ सोडली. पलटणीची चाळण झाली, आणि जांघेत गोळी लागून स्किनर रणात पडला. दोन दिवस आणि दोन रात्री तो तसाच जखमी माणसांत आणि मढ्यांत पडून होता. रात्री कोल्हे आले की जखमी दगड मारून त्यांना हाकलत. या यातनेत त्याने नवस बोलला, की वाचलो तर देवाचे मंदिर बांधीन.

मग चांभार समाजातली एक बाई एका म्हाताऱ्याबरोबर रणात आली. तिच्या टोपलीत भाकरी होत्या, घड्यात पाणी होते. ती प्रत्येक जखमीला भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा घोट देत चालली होती. स्किनर ते पाणी प्यायला. शेजारी पाय मोडून पडलेला राजपूत सुभेदार मात्र प्यायला नाही. थोडाच वेळ उरलाय, तेवढ्यासाठी जात कशाला घालवू, असे तो म्हणाला. स्किनरने हे सारे आपल्या फारसी आठवणींत लिहून ठेवले आहे. बरा झाल्यावर त्याने त्या बाईचा शोध घेतला, तिला हजार रुपये पाठवले आणि तिला आई मानले.

चर्चच्या पायाशी असलेली ही गोष्ट एखाद्या बिशपची नाही की गव्हर्नर जनरलची नाही. हजार रुपये पाठवण्यापूर्वी ज्या बाईचे नावही स्किनरला ठाऊक नव्हते, तिच्या घोटभर पाण्याची ती गोष्ट आहे.

1803 मध्ये शिंदे आणि इंग्रज यांच्यात युद्ध पेटले. डी बॉयनच्या जागी आलेला फ्रेंच सेनापती पेराँ याला इंग्रजी रक्ताच्या कुणाचाच भरवसा वाटेना. त्याने अशा सगळ्या अधिकाऱ्यांना काढून टाकले. मला राहू द्या, अशी स्किनरने त्याला विनवणी केली. ऐकले गेले नाही, तेव्हा कुठे तो इंग्रज सेनापती जनरल लेककडे गेला. 11 सप्टेंबर 1803 रोजी दिल्लीजवळ पटपडगंजला शिंद्यांच्या कंपूचा पराभव झाला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. पेराँचे घोडेस्वार इंग्रजांकडे वळले तेव्हा सरदार म्हणून त्यांनी सिकंदरसाहेबच मागितला. त्याने लेकपुढे एकच अट ठेवली, शिंद्यांविरुद्ध मला लढायला लावू नका. खाल्ल्या मिठाची ही आठवण त्याने जपली, आणि लेकनेही ती मानली. या घोडेस्वारांचाच पुढे पिवळ्या अंगरख्यांचा रिसाला झाला. हिंदुस्थानच्या लष्करात आजही तो स्किनर्स हॉर्स याच नावाने आहे, फक्त घोड्यांच्या जागी रणगाडे आले आहेत.

चर्चचे काम 1826 मध्ये सुरू झाले. बंगाल इंजिनिअर्सच्या मेजर रॉबर्ट स्मिथने नकाशा काढला आणि कॅप्टन डी बूडने काम पुरे केले. इमारतीचा आकार क्रुसाचा आहे, तीन बाजूंना खांबांच्या देवड्या आहेत आणि मधोमध आठ कोनांवर घुमट बसवला आहे. घुमटाच्या माथ्यावर तांब्याचा मोठा गोळा होता आणि त्यावर क्रूस. या गोळ्याकडे पुढे पुन्हा यायचे आहे. 21 नोव्हेंबर 1836 रोजी कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चची प्रतिष्ठापना केली. कंपनीने ज्याला एकदा दाराबाहेर ठेवले होते, त्याच्या खर्चाने दिल्लीतल्या इंग्रजांना आपले पहिले मोठे प्रार्थनास्थळ मिळाले.

स्किनरचा जिवलग मित्र विल्यम फ्रेझर दिल्लीत कंपनीचा सर्वांत मोठा अधिकारी होता. 22 मार्च 1835 रोजी त्याचा खून झाला. त्या प्रकरणात फिरोजपूर झिरक्याचे नवाब शम्सुद्दीन यांना फाशी झाली. पुढे उर्दूत गाजलेले शायर दाग देहलवी हे याच नवाबांचे चिरंजीव. फ्रेझर गालिबचाही स्नेही होता. स्किनरने चर्चच्या आवारात मित्रासाठी संगमरवरी कबर बांधली. स्वतः स्किनर 4 डिसेंबर 1841 रोजी हांसीला वारला. आधी त्याला तिथेच पुरले होते. पण पुढल्या महिन्यात, 19 जानेवारी 1842 रोजी, त्याचे अवशेष दिल्लीला आणून वेदीसमोर जमिनीत ठेवले.

स्किनरच्या काळातली दिल्ली एका अर्थाने सैल होती. साहेब फारसी बोलत, मुशायऱ्यांना जात, हिंदुस्थानी स्त्रियांशी संसार करत. स्किनरने फारसीत हिंदुस्थानातल्या जातीजमातींवर सचित्र ग्रंथ लिहिला, संस्थानिकांच्या घराण्यांवर दुसरा लिहिला. त्याच्या डोळ्यांदेखत हे सारे आटत गेले, आणि त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांतच चर्चचा सूर पालटला. मिजली जेनिंग्ज नावाचे नवे धर्मगुरू दिल्लीत आले. हिंदुस्थान ख्रिस्ती करणे हे आपले कर्तव्य आहे असे ते उघड मानत. 11 जुलै 1852 च्या रविवारी त्यांनी सेंट जेम्स चर्चमध्ये दोन नामांकित हिंदूंना बाप्तिस्मा दिला. एक होते दिल्ली कॉलेजातले गणिताचे मास्तर रामचंद्र, ज्यांचा महत्तम-लघुत्तमांवरचा ग्रंथ पुढे इंग्रज गणिती डी मॉर्गनने लंडनला छापवला. दुसरे डॉक्टर चमनलाल. बाहेर तोबा गर्दी जमली होती, दंगा होऊ नये म्हणून बंदोबस्त ठेवावा लागला. गावातल्या बड्या घरांनी कॉलेजातून मुले काढली. लोकांच्या मनातला संशय त्या दिवशी पक्का झाला. हे लोक राज्य घेऊन थांबणार नाहीत, धर्मही घेणार.

काडतुसांच्या चरबीने 1857 चा भडका उडाला हे खरे. पण सुके सरपण कुठे कुठे रचले जात होते ते पाहायचे तर या चर्चच्या दाराशी 1852 मध्येच जावे लागते.

11 मे 1857, सोमवार. मीरतला बंड करून रात्रभर दौडत आलेले तिसऱ्या रिसाल्याचे स्वार सकाळी नावांच्या पुलावरून यमुना ओलांडून दिल्लीत शिरले. चर्चच्या आसपासचा भाग म्हणजे गोऱ्यांची वस्तीच. कचेऱ्या, कॉलेज, दिल्ली गॅझेट या वृत्तपत्राचा छापखाना, दारूखाना, सगळे जवळजवळ. काश्मिरी दरवाज्यातल्या चौकीच्या मदतीला 54 वी पलटण छावणीतून आली आणि दरवाज्यातून आत शिरली. चर्चसमोरच्या मोकळ्या जागेत मीरतचे स्वार त्यांच्यावर चालून आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी गोळीबाराचा हुकूम दिला. शिपायांनी बंदुका आकाशाकडे झाडल्या. काही मिनिटांतच पलटणीचे बहुतेक अधिकारी चर्चच्या दाराशी मरून पडले. दिल्लीतले युद्ध खऱ्या अर्थाने इथे सुरू झाले, कारण हुकूम ऐकायचा नाही असे दिल्लीच्या शिपायांनी इथे ठरवले.

धर्मगुरू जेनिंग्ज लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाज्यावर राहत. ते, त्यांची तरुण मुलगी आणि तिची मैत्रीण तिघेही तिथेच मारले गेले. डॉक्टर चमनलाल यांनाही बंडवाल्यांनी ठार केले. मास्तर रामचंद्र लपून निसटले. दुपारी लेफ्टनंट विलोबीने दारूखाना उडवून दिला, त्या धमाक्याने सारे शहर हादरले. लुटारूंचा लोंढा चर्चमध्ये शिरला. बाके, गाद्या, भांडी, जे उचलता आले ते गेले. भिंतीवरच्या स्मृतिशिला फोडल्या. फ्रेझरची संगमरवरी कबर फोडून टाकली. संध्याकाळी चौकीत अडकलेली बायकामुले काश्मिरी बुरुजाच्या तटावरून खंदकात उतरली आणि रानात पळाली.

त्याच दिवशी स्किनरची मुलगी एलिझाबेथ वॅगनट्रायबर आपल्या नवऱ्यासह, दोन मुलींसह बग्गीतून निघाली होती. नवरा दिल्ली गॅझेटमध्ये काम करी, म्हणजे जिवाला धोका पक्का. दिल्लीबाहेरच्या एका बागेत रखवालदारांनी त्यांना लपवले. ती बाग लोहारूच्या नवाबांची, आणि लोहारूच्या घराण्याचा सिकंदरसाहेबाशी जुना स्नेह. पुढच्या वाटेवरही बापाचे नाव अनेक ठिकाणी कामी आले आणि कुटुंब वाचले. चर्च फुटले, पण ज्याने ते बांधले त्याचे नाव त्याच रात्री आसऱ्याला उभे राहिले. या दोन्ही गोष्टी एकाच दिवसाच्या आहेत, आणि एक सांगून दुसरी गाळणारा इतिहास अर्धाच राहतो.

8 जूनपासून इंग्रज फौज शहराबाहेरच्या टेकाडावर येऊन बसली. नावाला वेढा, पण प्रत्यक्षात उन्हाळाभर तेच वेढल्यासारखे होते. पटकी, ऊन, पाऊस आणि शहरातून रोज होणारे हल्ले यांनी फौज झिजत गेली. पंजाबातून मोठ्या तोफांचा काफिला 4 सप्टेंबरला पोहोचला आणि मग पारडे फिरले. बेअर्ड स्मिथ आणि टेलर या इंजिनिअरांनी शहराच्या उत्तर तटासमोर रातोरात चार मोर्चे बांधले. नेम होता काश्मिरी बुरुजावर आणि नदीकाठच्या बुरुजावर. या दोहोंच्या आत, तटाच्या पाठीशी, चर्च होते.

त्यामुळे चर्चवर मार आला तो दोन्हीकडून. शहरात असलेल्या शिपायांना घुमटावरचा तांब्याचा गोळा आणि क्रूस म्हणजे नेमबाजीला आयते निशाण होते. तटावरून हुकलेले इंग्रजांचे तोफगोळे थेट चर्चच्या भिंतींवर येत. तांब्याच्या गोळ्याची बंदुकीच्या गोळ्यांनी चाळण झाली. क्रूस मात्र कोसळला नाही, आणि इंग्रज लेखकांनी त्यात दैवी कौल पाहिला. पण चर्चला लागलेले बरेचसे तोफगोळे ख्रिस्ती तोफखान्याने झाडलेले होते, हे त्या वर्णनांत क्वचितच येते.

14 सप्टेंबर 1857 ची पहाट. इंग्रज सेनानी निकलसनची तुकडी काश्मिरी बुरुजाच्या खिंडारातून वर चढली, दुसरी नदीकाठच्या खिंडारातून. तिसरीला वाट मोकळी करण्यासाठी काश्मिरी दरवाजा दारूने उडवायचा होता. लेफ्टनंट होम आणि सॉकेल्ड, काही गोरे सार्जंट, एक बिगुलवाला आणि सॅपर पलटणीतले हिंदी जवान दारूच्या पिशव्या खांद्यावर घेऊन भर उजेडात मोडक्या पुलावरून दरवाज्याशी गेले. सॉकेल्डला मोडलेल्या हातापायाने काडी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली, पुढे तो त्या जखमांनी मेला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते फक्त गोऱ्यांना, कारण हिंदी शिपायांना ते पदक देण्याचा नियमच तेव्हा नव्हता. दरवाजा उडाला आणि फौज आत लोटली. जिथे 11 मे रोजी अधिकारी पडले होते, तीच चर्चसमोरची मोकळी जागा आता तिच्या ताब्यात आली.

पुढे मात्र चाल अडली. शहराच्या गल्ल्यांत घराघरांतून मारा होत होता. काबुली दरवाज्यापलीकडच्या अरुंद गल्लीत निकलसन छातीत गोळी लागून पडला. तिसरी तुकडी जामा मशिदीपर्यंत पोहोचली, पण मशिदीचे दरवाजे फोडायला दारू नव्हती. भारी मार खाऊन ती माघारी फिरली आणि संध्याकाळी चर्चपाशी येऊन थांबली. सेनापती आर्चडेल विल्सन काश्मिरी दरवाज्यातून घोड्यावर बसून चर्चमध्ये आला आणि दिवसभर तिथेच राहिला. तो आजारी होता, थकलेला होता. बातम्या येत होत्या त्या एकाहून एक वाईट. त्या एका दिवशी 66 अधिकारी आणि 1104 शिपाई ठार किंवा जखमी झाले होते. शहर सोडून पुन्हा टेकाडावर जावे, असे विल्सनच्या मनात घोळू लागले. भोवतालच्या अधिकाऱ्यांनी त्याला अडवले. मरणाच्या दारात असलेल्या निकलसनला हे कळले तेव्हा, माघारीचा हुकूम दिला तर त्याला गोळी घालण्याएवढी ताकद माझ्यात अजून आहे, असे तो म्हणाला.

दिल्लीचे भवितव्य त्या दुपारी या चर्चच्या भिंतींत लोंबकळत होते. ज्या माणसाच्या नवसाने त्या भिंती उभ्या राहिल्या, त्याच्या कबरीपासून काही पावलांवर एक सेनापती पळावे की राहावे याचा विचार करत बसला होता. बंडवाल्यांनी मानलेल्या बादशहाच्या बाजूने त्या रात्री एक जोरदार, एकवटलेला हल्ला या टोकावर झाला असता तर काय झाले असते, हा प्रश्न इतिहासात निरर्थक मानतात. तरी तो मनातून जात नाही. शहरात हजारो शिपाई होते, शौर्यही होते. नव्हता तो सगळ्यांनी मानावा असा एक सेनापती.

20 सप्टेंबरला किल्ला पडला, 21 ला बादशहा बहादूरशहा जफर हुमायूनच्या मकबऱ्यात शरण आले. विजयाची आभारप्रार्थना 27 सप्टेंबरला झाली ती किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासमध्ये. मोगलांच्या तख्ताच्या जागी ख्रिस्ती प्रार्थना म्हणण्यामागचा अर्थ दिल्लीला न सांगताही कळला असणार. मग शहरातल्या लोकांना वेशीबाहेर घालवले. हिंदूंना काही महिन्यांनी परत येऊ दिले, मुसलमानांना त्याहून बराच काळ थांबावे लागले. जामा मशिदीत शीख पलटणीची छावणी पडली, ती मशीद 1862 मध्ये परत मिळाली. फतेहपुरी मशीद लाला चुन्नामल यांना विकली गेली, ती मुसलमानांकडे परत यायला 1877 उजाडले. सेंट जेम्स चर्चची डागडुजी मात्र लवकर झाली. युद्धाचा फटका सर्वच देवालयांना बसला होता. न्याय मात्र सगळ्यांना सारखा मिळाला नाही.

त्याच सुमारास मुंबईत कुलाब्याला अफगाण चर्च पुरे होत आले होते. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या त्या चर्चची प्रतिष्ठापना 1858 मध्ये झाली. ते चर्च युद्धाच्या आठवणीसाठी युद्धापासून दूर बांधलेले. दिल्लीच्या चर्चमधून युद्धच आरपार गेले होते. 1858 मध्ये फेलिस बियाटो नावाचा छायाचित्रकार दिल्लीला आला, आणि त्याच्या चित्रांत काश्मिरी दरवाजा आणि हे चर्च मार खाल्लेल्या अवस्थेत दिसतात.

पुढे चर्चच्या भिंतींवर सत्तावनमध्ये मेलेल्यांच्या शिला लागल्या. दिल्ली बँकेचा बेरेसफर्ड आणि त्याचे कुटुंब, मारले गेलेले अधिकारी, घरेच्या घरे. आवारात त्यांच्या नावाने मोठा दगडी क्रूस उभा राहिला. फ्रेझरची कबर पुन्हा बांधली गेली. घुमटावरचा छिद्राछिद्रांचा तांब्याचा गोळा आणि क्रूस उतरवून आवारात ठेवले आणि वर नवे चढवले. 1931 मध्ये नव्या दिल्लीत वेगळे चर्च होईपर्यंत व्हाइसरॉय याच चर्चमध्ये येत. आता ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या दिल्ली धर्मप्रांताकडे आहे.

मराठी वाचकाच्या मनातले सत्तावन म्हणजे झाशी, कानपूर, ग्वाल्हेर, तात्या टोपे. दिल्ली आपल्याला मोगलांची वाटते आणि हे चर्च तर इंग्रजांचेच. पण 1803 पर्यंत दिल्लीवर शिंद्यांचा अंमल होता आणि या चर्चचा धनी त्यांच्या कंपूत घडला होता. दिल्लीला गेलात आणि काश्मिरी गेटच्या मेट्रो स्थानकावर उतरलात, तर एक तास काढा. दरवाज्यावरच्या तोफांच्या खुणा अजून स्पष्ट आहेत. मग चर्चमध्ये जा. वेदीसमोर जमिनीत स्किनरची पांढरी शिला आहे. भिंतीवर डॉक्टर चमनलाल यांची शिला आहे, 1857 साली दिल्लीत मारल्या गेलेल्या हिंदी ख्रिस्ती माणसाची. तिच्यापुढेही थांबा.